आमची काही हरकत नाही

लंडनजवळ, वॉटफर्डच्या बाहेरच्या एका सरकारी शाळेत मी चार वर्षं गव्हर्नर होतो. शाळा कशी चालावी हे ठरवणाऱ्या मंडळात पालकांच्या वतीने बसायचं, एवढंच काम. निवडून आलो असं मी मित्रांना सांगायचो, पण माझ्याविरुद्ध कोणी उभंच राहिलं नव्हतं. मंडळात अकरा गोरे आणि एक मी. दिवाळीची सुट्टी, कॅन्टीनमधलं बीफ, असा कुठलाही विषय निघाला की अकरा चेहरे माझ्याकडे वळत. दिवसभर बँकेत कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माणसाला ते आवडायचं. हे आधीच कबूल करून टाकतो.

माझी मुलगी तेव्हा इयर टेनमध्ये, चौदा वर्षांची. तिला बायॉलॉजी शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या, केस बारीक कापलेले, आवाज थोडा कडक. घुबडाने ओकून टाकलेले वाळके गोळे त्या वर्गात आणायच्या आणि मुलांकडून चिमट्याने सोडवून घ्यायच्या. मुलीने त्यातली उंदराची हाडं काळ्या कागदावर चिकटवली आणि तो कागद फ्रिजवर लावला.

"स्वयंपाकघरात हाडं!" बायको ओरडली. "ह्या घरात अजून अंडं शिजलेलं नाही."

"आई, ते घुबडने खाल्ला, आपण नाही," मुलगी म्हणाली.

त्या ऑक्टोबरात शाळेत एक पार्सल आलं. एक डीव्हीडी आणि एक पुस्तिका. जीवसृष्टी आपोआप घडलेली नाही, कोणीतरी ती आखून निर्माण केली आहे, असं त्यात शास्त्राच्या भाषेत मांडलं होतं. हेडटीचर श्रद्धाळू गृहस्थ. अतिशय मृदू बोलणारे, पाहुण्याचा चहा स्वतः करणारे. ही फिल्म सायन्सच्या तासाला दाखवावी, मुलांना दोन्ही बाजू कळू द्याव्यात, असं त्यांनी बाईंना सांगितलं. बाईंनी नकार दिला. धर्माच्या तासाला खुशाल दाखवा, म्हणाल्या, माझ्या तासाला नाही.

हा वाद मंडळापुढे येणार होता, त्या मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी पेरेंट्स ईव्हनिंग होती. मुलीचे मार्क सांगून झाल्यावर बाईंनी वही मिटली. "उद्या ते तुम्हाला विचारतील. सायन्सच्या तासाला सायन्सच शिकवलं जावं, एवढं फक्त म्हणा."

"अर्थात," मी म्हणालो. मला खरंच तसंच वाटत होतं. अजूनही वाटतं.

मीटिंग दुपारी चारला. बाहेर अंधारून आलं होतं आणि लायब्ररीतल्या रेडिएटरचा ठकठक आवाज येत होता. हेडटीचरनी सगळं शांतपणे मांडलं. मग सवयीप्रमाणे चेहरे वळले.

"तुमच्या समाजाला याने दुखावल्यासारखं होईल का?" हेडटीचरनी विचारलं. त्यांच्या स्वरात इतकी काळजी होती की मला विरोध करणं असभ्य वाटलं.

"आमची काही हरकत नाही," मी म्हणालो. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण सगळे ऐकत होते. "आमच्याकडे तर आधी मासा, मग कासव, मग वराह, असे विष्णूचे अवतार आहेत. देव आणि उत्क्रांती, दोन्हींना आम्ही केव्हाच एकत्र नांदवलंय."

सगळे हसले. कोणीतरी टेबलावर हलकेच थाप मारली. घरी परतताना मी खुशीत होतो. गाडी पार्क करताना बाईंना काय कबूल केलं होतं ते आठवलं, आणि इंजिन बंद करून मी तसाच बसून राहिलो.

दहा दिवसांनी मीटिंगचा वृत्तांत टपालाने आला. त्यात मासा नव्हता, कासव नव्हतं. एकच ओळ होती: अन्य धर्मीय पालकांनी प्रस्तावाचं स्वागत केलं आहे.

बायकोने वाचलं. "अहो, तेहेतीस कोटींचं वकीलपत्र तुम्हाला कोणी दिलं?"

"पुढच्या मीटिंगला दुरुस्त करून घेतो."

बाईंचाही फोन आला. त्यांना लेखी ताकीद मिळाली होती, आणि प्रकरण आता मंडळापुढे येणार होतं. पालकांना हे नको आहे, हाच त्यांचा मुख्य बचाव होता. "ती ओळ तुमची नाही, एवढंच सांगा," त्या म्हणाल्या. "नाहीतर माझी नोकरी जाईल." आवाजात विनवणी नव्हती. मला तेच जास्त जड गेलं.

मुलीला मेडिसिनला घालायचं आम्ही ती आठ वर्षांची असल्यापासून ठरवलं होतं. त्या अर्जाला शाळेचं शिफारसपत्र लागतं आणि त्यावर सही हेडटीचरची. असल्या गोष्टींचा ते सूड घेतील असं त्यांच्या वागण्यात काहीही नव्हतं. भीती माझी होती, मी ती पुढच्या मीटिंगला बरोबर घेऊन गेलो.

"मागचा वृत्तांत. काही दुरुस्त्या?" अध्यक्षांनी विचारलं. क्लार्कने पेन कागदावर टेकवून धरलं होतं. हेडटीचरनी माझ्याकडे पाहून मंद स्मित केलं. मी समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायलो.

"मंजूर," अध्यक्ष म्हणाले.

पुढचा विषय बाईंचा होता. तो फार वेळ चालला नाही. ईस्टरच्या सुट्टीनंतर त्या शाळेत नव्हत्या.

मे महिन्यात एकदा मुलगी घरी आली आणि बॅग खांद्यावरून न काढताच माझ्यासमोर उभी राहिली.

"नवा सरने फिल्म दाखवला. पृथ्वी सहा हजार वर्षं जुना असेल, म्हणाला. मी हात वर केला, इट्स नॉट सायन्स म्हटलं."

"मग?"

"तो म्हणाला, तुझ्या डॅडला विचार, ही इज ऑल फॉर इट. सगळा वर्ग हसला." तिने बॅग खाली ठेवली. "बाबा, तू असं बोलला?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिने मला वाचवलं नाही.

"मला तसं म्हणायचं नव्हतं," मी म्हणालो.

"पण मिसने तुला सांगितला होता ना? शी टोल्ड मी. तू हेल्प करणार म्हणून."

म्हणजे बाईंनी तिला सांगितलं होतं. जाण्याआधी, माझ्याबद्दल चांगलं काहीतरी म्हणून. आणि नंतर काय झालं, ते मात्र सांगितलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "सांगितलं होतं."

मुलगी वर निघून गेली. तिने दार आपटलंही नाही.

जुलैत मी राजीनामा दिला. कारण लिहिलं, ऑफिसचं काम वाढलं आहे. मंडळाने ते वृत्तांतात जसंच्या तसं नोंदवलं.