पत्रांतल्या माझ्या ओळी

लग्नाला जेमतेम वर्ष झालं आणि माझा नवरा बोटीवर खलाशी म्हणून गेला. आफ्रिकेत मोंबाशाला उतरला तो तिकडचाच झाला. मी रत्नागिरीला बंदराजवळ सासरी राहिले, सात वर्षं. सात वर्षं नुसतं कुंकू लावून बाई नेमकी कोणाची असते, हे मला कोणीतरी सांगावं.

आमच्या जातीत काडीमोड व्हायची, एवढं नशीब. त्याला कोर्टकचेरी नको. पंचांपुढे नवऱ्याने गवताची काडी मोडली की बाई मोकळी, दुसरा पाट लावायलाही मोकळी. नवरा परदेशात असेल तर त्याचं तसं पत्र हवं, मग काडी त्याच्या बापाने मोडायची.

पत्र माझ्याकडे होतं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. घरात वाचता येणारी मी एकटीच, मराठी चौथीपर्यंत शिकलेली. वर्षाकाठी बोटीच्या टपालाने एखाद-दुसरं पत्र यायचं. दोन ओळी, त्याही कोणाकडून तरी लिहवून घेतलेल्या. सासू-सासरे ओटीवर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. त्या दोन ओळी वाचून थांबायचं तरी कसं? मग मी पदरचं घालायचे. कोकणातला माणूस कुठेही असो, शिमग्याला घर गाठतो, म्हणून "शिमग्याला येतो" घालायचे. शेवटच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, मी इथे दुसरं घर केलं आहे, माझी वाट पाहू नये. आणि तोंडाने मी वाचलं, "शिमग्याला नक्की येतो."

शिमगा आला नि गेला. लांज्याकडचा एक माणूस मला बायको करून घ्यायला तयार होता. माझ्या भावाने पंच बोलावले. ते घरापुढच्या खळ्यात बसले आणि सासरे ताडकन उठले.

"काडी कशाला मोडू? माजा पोरगा येनार हाय. पत्रात लिवलंय त्यानं. हिनंच वाचून दाखवलंय!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गप्प बसले तर जन्म त्याच ओटीवर जाणार, हे मला दिसत होतं. राग आला, नवऱ्याचा आला, सासऱ्यांचा आला, सगळ्यांत जास्त माझ्याच जिभेचा आला. मी आतून पत्रांचा गठ्ठा आणला आणि पंचांतल्या एका शिकलेल्या गृहस्थापुढे ठेवला.

"वाचा तुमीच. येतो म्हनून एकाही पत्रात न्हाय. ता मी घातलंय."

त्यांनी सगळी पत्रं मोठ्याने वाचली. फार वेळ लागला नाही. सासरे खाली बसले. कोणीतरी त्यांच्या हातात काडी दिली. ती हिरवी होती, आधी नुसतीच वाकली. दुसऱ्यांदा त्यांनी ती पिळून तोडली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

मी बोचकं घ्यायला आत गेले. सासूबाई दाराआड उभ्या होत्या. खळ्यातलं त्यांना अर्धंमुर्धंच ऐकू आलं होतं. माझा हात धरून त्यांनी हळूच विचारलं, "पत्रात माज्या खोकल्याचा इचारायचा, ता तरी त्याचाच ना गो?"

आता खोटं बोलायचा मला धीर नव्हता.

"न्हाय. ता पन मीच घातलंय."

त्यांनी हात सोडला नाही. मलाच तो सोडवून घ्यावा लागला.