बांधापर्यंत

पंपावर पेट्रोलचा वास आला की मला गोठ्यात पोत्यानं झाकून ठेवलेली स्कूटर आठवते. नवरा गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. एका सकाळी सासूबाईंनी सीटवरची कोंबडी हुसकावली, पोतं काढलं आणि पदरानं लेकाची गाडी पुसता पुसता म्हणाल्या, "नुसती बांधापतुर ने आन माघारी ये." मी म्हणाले, "आत्या, मला येत न्हाई." "मग काय झालं? दोघींनी असं बसून न्हाई भागायचं." घासाच्या ओल्या वाफ्यांच्या कडेनं पाय टेकत टेकत मी बांधापर्यंत गेले आणि कितीतरी दिवसांनी मला हसू आलं. मग बांधावरून रस्ता, रस्त्यावरून सोनईचा बाजार; आता रोज त्याच गाडीवर कामाला जाते. सासूबाईंना दर वेळी म्हणायचे, "चला की मागं बसून," तर त्या म्हणायच्या, "आधी तुझी भीती जाऊ दे." त्यांना बाजारात फिरवून आणायचं राहूनच गेलं. मागं बसल्या त्या एकदाच, शेवटच्या आजारात दवाखान्यात नेताना. माझा खांदा धरून सोनई येईपर्यंत म्हणत होत्या, "हळू चालव, मला कसली घाई न्हाई."