माझी साक्ष दुसरीच्या तोंडून

"वडिलांचं काम सांगायची काय गरज आहे?"

काकांनी मला मध्येच थांबवलं. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या त्यांच्या घराचं बेसमेंट. सोफ्यावर, खुर्च्यांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर आपलीच माणसं. पुण्याची, मुंबईची, काही माझ्या नागपूरची. मी सगळ्यांसमोर उभी. नुकतंच मी म्हणाले होते, की माझे बाबा महापालिकेत सफाई कामगार होते, मी राखीव जागेवर शिकले आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागलेली आमच्या वस्तीतली पहिली मुलगी मीच.

दोघं-तिघं मोबाइल बघायला लागले.

काका म्हणजे आमच्या भागातल्या मराठी लोकांचे पुढारी. कधीचेच अमेरिकन सिटिझन झालेले. व्हिसावर आलेल्यांच्या बायकांना, नवऱ्यांना नोकरीची परवानगी ठेवायची की काढून घ्यायची, यावर सरकार नवा नियम करणार होतं. त्याआधी शिकागोत जनसुनावणी होती. आपल्यातल्या कुणी बोलायचं, काय बोलायचं, ते काका ठरवत होते. मला त्यांनीच फोन करून बोलावलं होतं. माझी केस त्यांना हवी होती. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली मी इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. नोकरीचं परमिट वेळेत रिन्यू झालं नाही. नोकरी गेली. नंतर परमिट आलं, तोवर माझ्या जागेवर दुसरी बाई आली होती.

काका गोड आवाजात समजावत राहिले. "आपण मेरिटवर आलेली माणसं आहोत, हे त्यांना पटवायचंय. त्यात रिझर्व्हेशन कशाला आणतेस?"

मी म्हणाले, लॅबच्या सर्टिफिकेटची परीक्षा मी इथे दिली. तिथे माझ्यासाठी कुणी जागा राखून ठेवली नव्हती.

मागे कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत. म्हणाले, "तू बोलू नकोस. मागे बस. ग्रुप फोटोला मात्र ये."

आणि मी बरं म्हणाले. अजून राग येतो त्या 'बरं'चा. तोंडातून आपोआप निघालं. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय.

त्यांची सून केतकी कॉफी घेऊन माझ्याशेजारी बसली. आमच्या बाबांचं मनावर घेऊ नकोस, म्हणाली. मग हळूहळू विचारत गेली. मॅनेजर काय म्हणाली, शेवटच्या दिवशी तू काय केलंस. मी सांगितलं. लॅब कोट अंगातच राहिला होता. पार्किंगमध्ये गाडीत बसून मी तो घडी करत होते, आणि परत द्यायला वर जायची हिंमत होत नव्हती. केतकीने माझा हात दाबला. मला बरं वाटलं. कुणीतरी ऐकतंय, असं वाटलं.

सुनावणीच्या दिवशी हॉल भरला होता. आमच्या बाजूने बोलणारे होते, 'यांच्यामुळे आमच्या मुलांच्या नोकऱ्या गेल्या' म्हणणारेही होते. समोर टेबलामागे अधिकारी. मी आणि नवरा मागच्या रांगेत.

केतकीचं नाव पुकारलं. ती माइकवर गेली आणि बोलायला लागली. हॉस्पिटलची लॅब. उशिरा आलेलं परमिट. मग म्हणाली, "शेवटच्या दिवशी मी पार्किंगमध्ये लॅब कोट घडी करत बसले होते."

मी.

केतकीने आयुष्यात लॅबमध्ये पाऊल टाकलं नव्हतं.

ती पुढे म्हणाली, माझे वडील शाळेत शिक्षक होते, त्यांनी मला कष्टाची किंमत शिकवली. माझ्या बापाच्या हातातला झाडू काढून तिने तिथे खडू दिला होता. एका अधिकारी बाईने चष्मा काढून डोळे पुसले. टाळ्या झाल्या. काकाही टाळ्या वाजवत होते.

नाव न नोंदवलेल्यांपैकी कुणाला बोलायचंय का, असं अध्यक्षांनी विचारलं. मी उठले. नवऱ्याने मनगट धरलं. "बस. ग्रीन कार्ड अडकेल आपलं." तोही आमच्याच वस्तीतला. काय झालंय ते त्याला कळलं होतं, आणि तरीही तो घाबरला होता. मी हात सोडवला.

माइकवर मी पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट. हॉस्पिटल, लॅब, परमिट, एवढं झालं आणि अध्यक्षांनी अगदी नम्रपणे थांबवलं. म्हणाले, अशीच हकीकत आम्ही आत्ता ऐकली. मुद्दा नोंदवला आहे. तुमचं म्हणणं लेखी पाठवा.

माझी स्वतःची गोष्ट सांगायला मला उशीर झाला होता.

"ती हकीकत माझी आहे," मी म्हणाले. "कोट माझा होता. माझे वडील शिक्षक नव्हते. ते रस्ते झाडायचे."

अध्यक्षांनी शेजारच्याकडे बघितलं. मग विचारलं, याचा नियमाशी संबंध काय? मी म्हणाले, ज्यांच्या पोटावर नियम येणार, त्यांना माइक कोण देतं, हाच संबंध आहे. वेळ संपल्याचा लाल दिवा लागला. माइक बंद. पुढचं नाव पुकारलं. एकही टाळी पडली नाही.

बाहेर काका म्हणाले, तू सगळ्यांचं नुकसान केलंस. केतकी खाली बघत राहिली. "मला वाटलं तुला चालेल," एवढंच म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं असणार. आमचं घेतलेलं आम्हाला चालतं, हे त्यांनी कायम गृहीतच धरलेलं असतं. घरी पोचेपर्यंत मला मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं होतं.

नियमाचं काय झालं, अजून कळलेलं नाही. खात्याला लेखी पाठवलं, त्याची पोचसुद्धा नाही. परवानगी जाईलही. नवरा अजून धुसफुसतो. मी त्याला सांगितलंय, पुढच्या सुनावणीला मी स्वतः नाव नोंदवणार. ना कुणाच्या बेसमेंटमध्ये तालीम, ना कुणाच्या फोटोत उभं राहणं. सरकारला नाहीच म्हणायचं असेल, तर त्यांनी ते माझ्या तोंडावर म्हणावं. मधे कुणी नको.