पुढचा शब्द दादाचा

दादाला बोलतं करण्यासाठी दिलेली कोडी मीच सोडवून टाकली.

दादा माझा थोरला भाऊ. अर्धांगवायूच्या झटक्यानं त्याचा उजवा हात गेला आणि हाताबरोबर वाचाही. त्याला समजायचं सगळं, पण शब्द ओठापर्यंत येऊन अडायचा. वाचा शिकवणाऱ्या मॅडमनी कार्डं दिली होती. कार्डावर एक छोटा शब्द; त्याला जोडून मोठा शब्द होईल असा दुसरा दादानं म्हणायचा. 'पोळ' दिसलं की 'पाट', 'काडी' दिसलं की 'पेटी'. मॅडमनी वहिनींना बजावलं होतं, सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे. नंतर फार आशा धरू नका.

कार्डं दाखवायचं काम मी मागून घेतलं. मी निवृत्त माणूस, मुकुंदवाडीहून गारखेड्याला स्कूटरवर जायला कितीसा वेळ लागतो? शिवाय कोडी म्हणजे माझा प्रांत. पेपरातलं शब्दकोडं मी पेनानंच सोडवतो. चुकलं की पेपर घाईघाईनं चहात बुडवतो, म्हणजे चूक दिसत नाही.

घोळ असा, की हा खेळ आम्ही लहानपणीच खेळून बसलो होतो. जेवणं झाली की एकानं शब्द टाकायचा. जोडीचा शब्द जो आधी सांगेल त्याला दुधावरची साय. दादा मोठा, त्यामुळं साय कायम त्याची. मी पातेलं खरवडायचो.

आता दादा कार्डाकडं बघून "पे… पे…" करायचा, कपाळावर घाम यायचा, आणि इकडं माझी जीभ वळवळायची.

"पेटी! काडीपेटी! वा दादा!"

स्वयंपाकघरातून वहिनी विचारायच्या, "कोण बोललं?"

"दोघं मिळून!"

वहिनी खूश. मीही खूश. खरं सांगायचं तर दर वेळी मला सायीची चव यायची. समोर भाऊ घामाघूम झालेला, आणि मी जिंकत होतो.

मग मॅडम प्रगती बघायला आल्या. त्यांनी कार्ड धरलं. दादानं ते पाहिलं आणि मान वळवून माझ्याकडं बघितलं. दुसरं कार्ड. पुन्हा माझ्याकडं. अगदी शांतपणे, रिक्षाची वाट बघावी तसा.

"अंकल, हे तुमच्याकडं का बघतायत?"

इतके दिवस गप्प बसायचं होतं तेव्हा बसलो नाही, आणि आता तोंड उघडेना.

"तुम्ही बोलून देता ना? मग ते कशाला बोलतील?"

दुसऱ्या दिवशी मी टेकतो न टेकतो तोच वहिनींनी पाण्याचा पेला पुढं केला. "तोंडात धरा. गिळायचं नाय."

गाल फुगवून मी कार्डं धरू लागलो. दादा माझ्याकडं बघायचा, मी छताकडं बघायचो. बरेच दिवस काहीच झालं नाही. दादा ओठ हलवायचा आणि थकून डोळे मिटायचा. वहिनी पदराचं टोक पिळत बसायच्या. पाणी तोंडातच कोमट होऊन जायचं. मला वाटायला लागलं, त्याचा उरलासुरला शब्दसुद्धा मीच खाल्ला.

एका संध्याकाळी कार्ड आलं, 'सासर'. उत्तर 'वाडी'. दादा बराच वेळ अक्षरांकडं बघत राहिला. मग मान वळली, पण माझ्याकडं नाही, वहिनींकडं. ओठ गोल झाले.

"फु… फुलं…"

वहिनी उठून उभ्या राहिल्या.

"फुलंब्री," दादा म्हणाला.

फुलंब्री हे वहिनींचं माहेर. आजारपणानंतरचा त्याचा हा पहिला धड शब्द. वहिनींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आणि मी? मी घटकन पाणी गिळलं.

"चूक! सासरवाडी!"

दादाचं तोंड मिटलं. त्यानं डाव्या हातानं कार्ड हळूच पालथं घातलं आणि भिंतीकडं वळला. "दादा, अरे बरोबर आहे, फुलंब्रीच," मी म्हणालो. मग विनवलं, मग रिकामा पेला उचलून पुन्हा गाल फुगवून दाखवले. तो वळला नाही. त्या दिवशी तो पुन्हा बोलला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

वहिनींनी माझ्या हातातून पेला काढून घेतला.

"झटका ह्यांना आला, भावजी," त्या म्हणाल्या, "अन् डोस्कं तुमचं गेलं."