शब्द माझा, खुर्ची तिची

वळसंगच्या अलीकडे आमचं गाव. सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं, तेव्हा बायकोला मी उभं केलं. निवडून ती आली आणि लोक मला सरपंच म्हणू लागले. तिला वहिनी. मला त्यात काही खटकलं नाही.

महिलांच्या शौचालयाला मंजुरी आली. ग्रामसभेआधी नियमाप्रमाणे महिलांची सभा झाली आणि त्यांनी पाण्याच्या टाकीमागची जागा ठरवली. वस्तीला लागून, दिव्याच्या उजेडात. गावठाणातली ती जागा मोकळीच, पण माझ्या चुलतभावाचे ट्रॅक्टर तिथं उभे असत.

"अण्णा, गावाभाईरच्या वड्याकडं ढकल की ते," तो माझ्या दुकानात येऊन म्हणाला. पंचायतीचे बरेच सदस्य त्याच्या मुठीत.

"झालं समज," मी म्हणालो.

घरी बायकोला यातलं काहीच सांगितलं नाही. सांगायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही.

ग्रामसभेला तालुक्याहून नव्या अधिकारी बाई आल्या. "अध्यक्ष कोण?" त्यांनी विचारलं आणि मी उठून उभा राहिलो. बायको शेजारच्याच खुर्चीत होती.

"बाई, आमचं सरपंच हेच हायती की!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

त्या हसल्या नाहीत. "निवडून कोण आलंय? तुम्ही खाली लोकांत बसा."

मी खाली गेलो. भावानं शेजारी जागा केली. "वहिनीला ठावं हाय न्हवं?" त्यानं कानाशी विचारलं. मी मान हलवली. होकाराची की नकाराची, माझं मलाच कळलं नाही.

बायकोनं महिला सभेचा ठराव वाचला. भाऊ उठला. "वहिनी, जागा वड्याकडं ठरलीया. अण्णांनी शब्द दिलाय."

"वड्याला आमी आत्ता बी जातोच की," पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली. "अंधारात, एकमेकीला हाक मारत. त्याला सरकार कशाला पायजे?"

"सुम्निर, आज्जी! गप बस," भाऊ खेकसला.

"तूच सुम्निर. तुला जावं लागतंय व्हय तितं?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. "तुमी शब्द दिलाय का?"

हो म्हणालो तर भरल्या सभेत तिची किंमत जाणार. नाही म्हणालो तर भाऊ खोटा पडणार आणि सदस्य फिरवून तिला खुर्चीवरून खाली ओढणार. ती वाट बघत होती.

"दिला," मी म्हणालो. "मला अधिकार नव्हता."

"मग त्यो तुमचा तुमी निस्तरा." ती सभेकडं वळली. "टाकीमागची जागा. मंजूर असंल त्यांनी हात वर करा."

बायकांचे हात आधी वर गेले. मग थोडे पुरुषांचे. मीही केला. भाऊ माझ्याकडं बघत उठला आणि निघून गेला.

आता तो अविश्वास ठरावासाठी सह्या गोळा करतोय. काल त्याचा एक माणूस दुकानात आला. "सरपंच, भावकीतलं हाय, मिटवून टाका की. वहिनीला सांगा ठराव फिरवायला."

"सरपंच पंचायतीत बसलीय. तिला जाऊन विचारा."

तो हसला आणि स्टूल ओढून तिथंच बसून राहिला. त्याला अजूनही माझ्याकडूनच उत्तर हवं होतं, आणि ती सवय मीच त्यांना लावलेली. तिचं पद राहील की जाईल, ठाऊक नाही. गेलं, तर तिच्या ठरावापायी गेलं असं गाव म्हणेल. ते माझ्या शब्दापायी गेलेलं असेल.