गाभण म्हशीची भूमिका

लातुरात एका कोचिंग क्लासच्या थंडगार सभागृहात परवा आम्हा आर्किटेक्ट मंडळींची कार्यशाळा झाली. प्राण्यांच्या जागी स्वतःला ठेवा आणि मग इमारती आखा, असं बाहेरून आलेल्या तज्ज्ञांचं म्हणणं. चहाआधी वीस मिनिटं आम्ही चिमण्या होतो. चहानंतर प्रमाणपत्रं मिळाली. मी हसलो नाही. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मी हेच काम केलं होतं, प्रमाणपत्राशिवाय.

तेव्हा मी नांदेडहून एका पुनर्वसनाच्या गावात गोठे बांधायला आलो होतो. नमुन्याचा पहिला गोठा उभा राहिला: वर पत्रे, खाली गुळगुळीत सिमेंट, निचऱ्यासाठी चांगला उतार. तो ज्या मावशींना द्यायचा होता, त्यांच्याकडे भूकंपातून एक म्हैस तेवढी वाचली होती, तीही गाभण. ती दारातच अडली. ओढलं, चुचकारलं, सरकी दाखवली. हलेना.

"नवी जागा, बुजली असेल," मी म्हणालो.

"बुजायला ती काय सासरी चाललीय?" मावशी म्हणाल्या. "कायतरी दिसाय लागलंय तिला."

नांदेडच्या हौशी रंगभूमीवर मी बहुतेक मुक्या भूमिका केल्या होत्या. आमचे दिग्दर्शक म्हणत, आवाज नंतर, आधी पात्राचं वजन कुठं पडतं ते शोधा. मी पँट दुमडून दारातून रांगत आत गेलो, बाहेर आलो. गवंडी खूश झाले. मला काहीच कळलं नाही.

"हा रेडा झाला, सायेब," मावशी म्हणाल्या. "तिला पोट हाय." त्यांनी सरकीचं अर्धं पोतं माझ्या पोटाखाली दोरीनं बांधलं. या खेपेला उतारावर भार पुढं आला, तळहात सरकले आणि मी हनुवटीवर आपटलो. तो उतार मीच आखला होता, बूट घालून.

"घ्या. गेलं पारडू," मावशी म्हणाल्या. थट्टा नव्हती त्यात.

दोन दिवसांत आम्ही सिमेंट फोडलं, उतार निम्मा केला, पडलेल्या घरांचे खरबरीत दगड आणून बसवले. तपासणीला आलेले सरकारी साहेब म्हणाले, "हे नकाशात नाही."

"नकाशा बदलतो," मी म्हणालो.

म्हशीनं पुढचा पाय दगडावर ठेवला, दाबून पाहिला. मग पोट सांभाळत आत गेली. मावशीही तिच्यामागं गेल्या आणि त्यांनी आतून दार ओढून घेतलं. साहेब फाइल घेऊन बाहेरच राहिले.