काकांचं ठरलं

आमच्या घरमालक काकांइतका विचार करून मत ठरवणारा माणूस उभ्या देशात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याची बायकोही आमच्या काकूंसारखीच कपाळाला हात लावून बसलेली असेल. लोक लग्न जमवताना विचार करतात, प्लॉट घेताना करतात. काकांनी ही असली कामं चहा निवायच्या आत उरकलेली. पण लोकसभेची निवडणूक जाहीर झाली की या माणसाची झोप उडते, जेवणावरची वासना जाते, आणि जेल रोडवरच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घराला बोर्डाच्या परीक्षेची कळा येते. परीक्षा अर्थात उमेदवारांची. पेपर काढणारे काका, तपासणारेही काकाच.

याला कारण त्यांची नोकरी. काका सरकारी छापखान्यात होते. नाशिक रोडला त्याला सगळे नुसतं प्रेस म्हणतात. तिथे काकांनी जन्मभर एकच काम केलं. छापून आलेला कागद उजेडाला धरायचा, त्यात चूक शोधायची आणि सापडली की तिच्यावर तांबड्या पेन्सिलीने खूण करायची. रेघ केसाएवढी सरकली, शाई टाचणीच्या टोकाएवढी पसरली, की कागद बाद. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, पण डोळे अजून ड्युटीवर आहेत. लग्नपत्रिका आली की आधी चुका काढतात आणि मग तीच पत्रिका दुरुस्त करून आहेरासोबत नवऱ्यामुलाच्या बापाच्या हातात देतात. काकूंनी वाढलेली भाकरीसुद्धा एकदा त्यांनी खिडकीकडे धरून फिरवून पाहिली होती. काकू म्हणाल्या, "भाकरी आहे ती! छापलेली नाहीये, थापलीय. गिळा मुकाट्याने."

मी त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत सहा वर्षांपासून राहतो. माझं गाव किनवटकडचं, इथून एक रात्र आणि अर्धा दिवस लांब. आठवीतून शाळा सुटली, तेव्हापासून कागद म्हटला की मी चार पावलं मागे सरतो. कुणी नुसतं 'इथे सही कर' म्हणालं तरी पेन शोधायच्या निमित्ताने सटकतो. सिन्नर फाट्यावर लोखंडी कपाटं बनवायच्या वर्कशॉपमध्ये मी वेल्डिंग करतो. तिथे ठिणग्यांची भीती वाटत नाही, पण हजेरीच्या रजिस्टरची वाटते. असल्या माणसाचं नाव नाशिकच्या मतदार यादीत काकांनी चढवलं. अर्ज आणला, शेजारी बसवून माझ्याकडूनच भरून घेतला, दोनदा चुकला तेव्हा दोनदा नवा आणला. एवढी घाई नि चिडचिड करणारा हा माणूस त्या दिवशी मात्र बर्फासारखा थंड होता. "लिही रे किनवट, सावकाश लिही. देश कुठं पळून नाय चालला." काका मला गावाच्या नावानेच हाक मारतात. आयुष्यात कुणी माझ्या अक्षरासाठी इतका वेळ थांबलं नव्हतं.

मागच्या लोकसभेला त्यांनी जो धुमाकूळ घातला, तो मी जवळून पाहिला. प्रत्येक उमेदवाराची वेगळी फाईल. प्रत्येकाच्या सभेला हजेरी, मग पक्ष कुठलाही असो. सोबत घरून नेलेली घडीची खुर्ची, आणि ती कायम पहिल्या रांगेच्याही पुढे. त्यामुळे झालं काय, की सगळ्यांच्या फोटोत काका! सोमवारी ह्यांच्यात टाळ्या वाजवताना, मंगळवारी त्यांच्यात. प्रत्येक पक्षाला वाटायचं, म्हातारा आपला. सगळ्यांनी आपापले गमछे त्यांच्या गळ्यात घातले आणि काकूंनी ते सगळे धुऊन भांडी पुसायला घेतले. आमच्या ओट्यावर तेवढे दिवस भक्कम युती होती.

काकांचा प्रश्न ठरलेला. भाषणं ते ऐकत, पण त्यावर मार्क देत नसत. मार्क एका प्रश्नावर. एकदा एक बडे उमेदवार आमच्या गल्लीत आले. ढोल, फटाके, हार, आरतीचं ताट, मागे पन्नास पोरं. काकांनी हस्तांदोलन केलं आणि तो हात सोडलाच नाही.

"साहेब, तुमच्या घरी नळाला पाणी किती वाजता येतं?"

"काका, आपण चोवीस तास पाणी देणार!"

"देणार ते नाय विचारलं. येतं किती वाजता?"

साहेबांनी आपल्या पीएकडे पाहिलं. पीएने आणखी कुणाकडे तरी पाहिलं. ढोलवालासुद्धा थांबला. शेवटी मागे गाडीतून ड्रायव्हर ओरडला, "सव्वापाचला येतं काका, न् पावणेसहाला जातं. मोटर लावली तर सहा."

काकांनी हात सोडला, घरात आले आणि फाईल उघडून लिहिलं, 'ड्रायव्हर योग्य. पण उभा नाही.'

फणस हे चिन्ह घेऊन उभे राहिलेले एक अपक्ष एकटेच स्कूटरवर आले. त्यांना पाण्याची वेळ पाठ होती. काका इतके खूश झाले की त्यांनी त्यांना जेवायलाच बसवलं. काकूंनी तिथल्या तिथे पाठिंबा जाहीर केला, कारण त्या माणसाने पिठलं मागून घेतलं होतं. पण जाताना त्यांनी स्कूटर उलट्या बाजूने घातली आणि काकांची पेन्सिल लगेच फिरली. असं रोज चाले. सकाळी एकाचं पारडं जड, दुपारी त्याच्यात खोट, संध्याकाळी दुसरा वर. गल्लीतली माणसं दूध आणायला जाताना विचारत, "काका, आज कोण?" आणि काका हवामान सांगावं तसं सांगत, "आत्ता तरी कुणी नाय."

एक दिवस काकू वैतागल्या. "प्रत्येकात खोटच दिसते तुम्हाला. मग मी बरी पसंत पडले?"

"तेव्हा प्रेसला लागलो नव्हतो," काका म्हणाले. त्या दिवशी काका आणि त्यांच्याच घरी जेवणारा मी, दोघंही बाहेर जेवलो.

माझी मात्र घालमेल वेगळी होती. वर्कशॉपच्या शेठने सगळ्या पोरांना उभं करून सांगितलं होतं, की आपल्याला अमक्यालाच टाकायचंय, आणि निवडणूक झाली की कोण कायम होणार ते बघू. पहिलंच मत माझं. हात चुकला तर? शेठला कळलं तर? मला वाटे, काकांनी एकदाचं नाव सांगावं, मी डोळे झाकून बटण दाबतो. मी रोज विचारायचो, "काका, मी कुणाला देऊ?" आणि ते रोज मलाच कामाला लावायचे. "आज त्या मैदानावर सभा आहे. जा, ऐक. आला की मला एकच गोष्ट सांग, तुला काय पटलं. पेपरातलं नको, तुझं सांग." मी वर्कशॉपच्या काळ्या हातांनी सभेला जायचो आणि परत येऊन सांगायचो. काका फाईल मांडीवर घेऊन ऐकायचे. माझं वाक्य लिहून घ्यायचे! आठवी नापास पोराचं वाक्य, पेन्सिलीने नाही, पेनाने. खरं सांगतो, त्या दिवसांत मी जिने दोन-दोन पायऱ्या गाळून चढत होतो.

मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी काका दात घासता घासता गच्चीवर आले. तोंडात फेस, खांद्यावर टॉवेल. "ठरलं!" एवढंच ओरडले आणि खाली पळाले. सगळ्या गल्लीत ही बातमी दूधवाल्याच्या आधी पोहोचली. कोण ठरलं हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. काकूंनी पिठलं करून पाहिलं, अबोला धरून पाहिला. काका नुसते हसायचे. पण चेहरा असा उजळला होता, की जणू जन्मभरात पहिल्यांदा निर्दोष कागद हाती लागलाय.

मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून काका पावणेसातला शाळेत हजर. मी त्यांच्या पुढे, कारण "पहिलं मत आहे, तू आधी." काकू ऊन उतरल्यावर येणार होत्या. गेटबाहेरच्या टेबलाशी आमच्या शेठचा माणूस बसला होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि मी नजर दुसरीकडे वळवली. आत गेलो. अधिकाऱ्याने माझं नाव शोधलं, मोठ्याने वाचलं. नाशिकच्या शाळेत माझं नाव! मागोमाग काकांनी आपलं ओळखपत्र पुढे केलं. अधिकाऱ्याने यादीवर बोट फिरवलं, परत फिरवलं, आणि म्हणाला, "काका, तुमचं नाव कमी झालंय."

झालं होतं असं. दोन महिन्यांपूर्वी काकांनी मतदार यादी तपासायला घेतली होती. मेलेली माणसं, बदली होऊन गेलेली माणसं, सगळी शोधून काढली. त्यात त्यांना स्वतःचंच नाव दोनदा सापडलं, एक प्रेसच्या जुन्या क्वार्टरच्या पत्त्यावर, एक इथल्या. एका माणसाला दोन मतं! काकांचा संताप मला अजून आठवतो. त्याच दिवशी त्यांनी क्वार्टरवालं नाव कमी करायचा अर्ज दिला. आणि घरी आल्यावर त्यांना शंका आली, की आपण अनुक्रमांक चुकवला. म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी एक अर्ज दिला, दुरुस्त करून. चूक पहिल्यात नव्हतीच. ती दुसऱ्यात होती. त्यात इथल्याच नावाचा अनुक्रमांक पडला होता, त्यामुळे त्यांची दोन्ही नावं गेली. यादीचं काम बघणाऱ्या शाळेतल्या मॅडम घरी येऊन विचारूनही गेल्या होत्या, "काका, नक्की कमी करायचं ना?" काका म्हणाले होते, "नक्की म्हणजे काय, ताबडतोब करा!"

काकांनी यादी आपल्या हाताने वळवून घेतली. ती ओळ बराच वेळ पाहिली. मग ती सरळ करून परत ठेवली आणि अधिकाऱ्याला म्हणाले, "तुमची यादी बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर." आणि बाहेर पडले.

माझा पाय आत पडेना. मी रांग सोडून त्यांच्या मागे धावलो. ते शाळेच्या प्रार्थनेच्या ओट्यावर बसले होते, इस्त्रीच्या शर्टाची काळजी न करता. मी म्हणालो, "काका, माझं राहिलंय अजून. नाव सांगा. मी तुमचं मत टाकतो. तुमची एवढी मेहनत आहे." खरं म्हणजे मी त्यांच्यावर उपकार करत होतो की स्वतःची सुटका, ते माझं मलाही कळत नव्हतं.

काकांनी तोंड उघडलं. नाव त्यांच्या जिभेवर आलेलं मला दिसलं. दोन्ही ओठ जुळले, आणि तसेच राहिले.

"आमच्या आज्याला मतच नव्हतं," ते म्हणाले. "बापाला होतं, पण गावात एक माणूस सांगायचा, अन् बाप तसं टाकून यायचा. घरी येऊन गप बसायचा. त्या माणसाच्या जागी आता मी बसू का?"

"पण मला कळत नाही काका, मी आठवी..."

"इतके दिवस मी कुणाची वाक्यं लिहून घेतली रं? जा. लायनीत लाग परत."

मी परत रांगेत लागलो. माझ्यापुढे तीसेक माणसं होती. मी प्रत्येक सभा आठवली, प्रत्येक माणूस आठवला. शेठही आठवला. माझी पाळी आली, बोटाला शाई लागली, पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी एकटा उभा राहिलो, आणि बटण दाबलं. लांब शिट्टीसारखा आवाज झाला. बोट मी ठरवलं तिथेच पडलं होतं.

बाहेर आलो तर काका उठून उभे होते, शर्टाची मागची धूळ झटकत. म्हणाले, "झालं?" मी म्हणालो, "झालं." मग आम्ही कोपऱ्यावर मिसळ खाल्ली आणि घरी आलो.

निकाल लागला, कुणी निवडून आलं, कुणी पडलं. आमचे शेठ ज्याच्या त्याच्या बोटाकडे बघत राहिले आणि मग विसरले. कायम कुणीच झालं नाही. काकांनी नाव परत चढवायचा अर्ज भरला, आणि या वेळी तो तपासायला माझ्याकडे दिला. आईने फोनवर विचारलं, कुणाला दिलंस. मी तिला सांगितलं नाही. शेठने विचारलं असतं तर खोटं सांगितलं असतं. काकांनी विचारलं तर मात्र खरं सांगायचं, हे मी त्याच दिवशी रांगेत ठरवून टाकलंय. संध्याकाळी आम्ही गच्चीवर चहा घेतो, बातम्यांवर बोलतो, काका माझ्याकडे अधूनमधून तिरकं बघतात. मी वाट बघतो. ते कपाकडे बघत म्हणतात, "साखर कमी पडलीय आज," आणि चहा पिऊन टाकतात.